पाठीला पाठ

उन्हाळा चढला की गावातली बंद घरं बोलू लागत. दिवसभर तापलेले वासे संध्याकाळी निवताना कडकड वाजत, आत अंधारात कुणी एकेक बोट मोडत बसल्यासारखे. जिथे माणसं होती तिथे हा आवाज भांड्यांत, खोकल्यात, रेडिओच्या खरखरीत बुडून जाई. जिथे कुलूप होतं तिथे तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. मग गवंडीण त्या रोखाने मान वळवी आणि म्हणे, "शाळेजवळचं घर. उद्या खिडक्या उघडायला हव्यात."

गाव चाळीस उंबऱ्यांचं म्हणून ओळखलं जाई, आणि उंबरे अजूनही तेवढेच होते. चुली मात्र जेमतेम पंचवीस घरांत पेटत. बाकीची माणसं एकेक करून तालुक्याच्या गावी गेली होती. जाताना प्रत्येकाने किल्ली गवंडिणीच्या हातात ठेवली होती. "वहिनी, मधूनअधून उघडून बघा," एवढं म्हणायचं आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर चढून बसायचं. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला इतका जड झाला होता की ती चालताना एका बाजूला कलत असे. टेलर आपल्या मशीनवरून मान वर करून दर वेळी तेच म्हणे, "जेलरबाई, कैदी केव्हाच पळाले. कोठड्या कशाला झाडताय?"

"तुमची कोठडी कधी रिकामी होते त्याची वाट बघतेय," ती न थांबता उत्तर देई.

ही घरं बहुतेक तिच्याच नवऱ्याने बांधलेली. कुणाच्या भिंतीला तडा गेला, कुणाचं एखादं कौल सरकलं, की गवंडी उरलासुरला माल घमेल्यात कालवून नेई आणि कुणी न सांगता तो सांधा बुजवून येई. एवढंच काम उरलं होतं. या वर्षी गावात एकही नवी वीट बसली नव्हती. सगळं बांधकाम तालुक्याच्या रस्त्याला, नव्या कॉलनीत. वसंतात तो तिथे गेला होता. मुकादमाने त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही; सिमेंटच्या गोणीकडे बोट दाखवून म्हणाला, "उचला बघू, काका." गोणी कमरेपर्यंत आली आणि उजवा खांदा बिजागरी निखळल्यासारखा मागे राहिला. रांगेतली पोरं हसली नाहीत, हेच त्याला अधिक लागलं. घरी येऊन त्याने थापी धुतली, कोरडी केली, आणि फळीवर ठेवली.

रविवारच्या गाडीने मुलगा आणि सून आली. गाडी आता आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या करी. सून दारात टेकली आणि तिथेच बसून राहिली. तिचे पाय वहाणांच्या पट्ट्यांमधून फुगून वर आले होते. गवंडिणीने पट्टे सोडले, तांब्याभर पाणी तिच्या पावलांवर ओतलं.

"आई, तुम्ही नका ना," सून म्हणाली.

"गप्प बस. माझे पाय सुजले की तू कर."

मुलगा तालुक्याच्या गावी गोदामात पोती वाहत असे. तो भिंतीला टेकून, वर आढ्याकडे बघत बोलला. "खोली सोडायला सांगितलंय. मालकीण म्हणते, लहान मूल रडणार, बाकीच्यांना त्रास. एका खोलीत आम्ही दोघं, मध्ये चादर, चादरीपलीकडे ते तिघं. त्रास कुणाला होणार आणि कसला होणार, देव जाणे."

"दुसरी बघ," गवंडी म्हणाला.

"बाबा, खोलीच्या दारात माणसं रांग लावून उभी असतात. भाडं सांगायच्या आधी विचारतात, किती जण, मूल आहे का, होणार आहे का. तिथे माणूस मावत नाही आणि इथे माणूस दिसत नाही. काय करायचं?"

"हिला इथे ठेव. इथे काय जागेला तोटा आहे?"

सुनेने ओल्या पावलांकडे पाहिलं. मागच्या हिवाळ्यात ती इथेच होती. कळा अवेळी सुरू झाल्या, गावच्या दवाखान्याला कुलूप होतं, आणि गाडी तालुक्याला पोचेपर्यंत जे व्हायचं ते रस्त्यात होऊन गेलं होतं. सीटवर घातलेली गोधडी गवंडिणीने नंतर नदीवर नेऊन धुतली आणि परत घरात आणली नाही.

"जागेचं नाही हो बाबा," सून हळूच म्हणाली. "जवळ कुणी कळणारं माणूस हवं."

---

ते माणूस मिळण्याची एक शक्यता त्याच आठवड्यात निघाली. वेशीजवळचा दुकानदार, ज्याच्या दुकानात आता माल कमी आणि बातम्या जास्त असत, त्याने ती आणली. तालुक्याच्या ऑफिसातून कुणीतरी येणार. घरोघर फिरणार. चाळीसच्या चाळीस चुली पेटलेल्या दिसल्या तर गावच्या दवाखान्याला नर्स. नाहीतर दवाखाना कायमचा बंद.

दुकानाच्या फळीवर सगळे जमले. टेलर होता. बसवर आयुष्य काढलेला निवृत्त ड्रायव्हर होता, ज्याला आवाजामुळे सगळे हॉर्न म्हणत. एकटी राहणारी आत्या होती, जी रक्ताने कुणाचीच नव्हती आणि म्हणून सगळ्यांची आत्या होती.

"पंचवीस आहोत," दुकानदार म्हणाला. "पंधरा कमी."

"मग चुली पेटवू," गवंडीण म्हणाली. सगळ्यांनी तिच्या कमरेकडे पाहिलं. "किल्ल्या आहेत. लाकडं आहेत. माणूस घरात एकच बसला तरी चालेल. बाकीचे कामावर गेलेत म्हणून सांगायचं."

"म्हणजे नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या घरांत बसायचं?" टेलरने विचारलं.

"हो."

"ही योजना आधी का नाही आली?" टेलर म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्या मशीनवरची कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

हॉर्नला आत्याचा नवरा व्हायला सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "मला चालेल. पण याने तोंड उघडायचं नाही. माझा नवरा मुका होता असं सांगेन."

"मुका नव्हता, तुम्ही बोलू दिलं नाही," हॉर्न बोलला आणि रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

हसणं ओसरलं तेव्हा घरं वाटली गेली. गवंडीण आपल्याच घरात राहणार होती. गवंड्याच्या वाटणीला कुठलं घर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि उच्चारत कुणी नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "खालच्या गल्लीतलं. भाऊजींचं."

गवंडी उठून घराकडे चालू लागला. त्याने नाही म्हटलं नाही, एवढ्यावरून हो समजायचं होतं.

दोघा भावांची घरं पाठीला पाठ लावून उभी होती. थोरल्याचं दार वरच्या गल्लीत, धाकट्याचं खालच्या, मध्ये एकच भिंत. आणि त्या भिंतीत, दोन स्वयंपाकघरांना जोडणारं एक दार. वडील गेल्यावर वाटणीवरून शब्द वाढले. धाकटा आपला हिस्सा विकायचं म्हणाला, थोरला म्हणाला विकून बघ. मग एका दुपारी धाकटा बाहेर गेलेला असताना थोरल्याने विटा आणल्या, उत्तम माल कालवला, आणि ते दार चिणून टाकलं. ओळंबा धरून, दोरी लावून, एकही सांधा वाकडा न जाता. संध्याकाळी धाकट्याने भिंतीवर तळहात ठेवला. माल अजून ओला होता, दोन थापांत पडला असता. त्याने हात काढून घेतला. हिवाळ्याआधी तो गाव सोडून गेला, आणि किल्ली भावाच्या हातात न देता वहिनीच्या ओट्यावर ठेवून गेला.

---

मोजणीच्या दिवशी सकाळपासून गावावर धूर होता. इतका धूर कैक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं थंड पडलेल्या चुली आधी ओल खोकल्या, मग पेटल्या. दोऱ्यांवर कपडे वाळत पडले. टेलरने शिवलेले, पण कुणी न नेलेले सदरे त्यात होते. बंद खिडक्या उघडल्यावर खोल्यांतली शिळी हवा गल्लीत उतरली आणि उन्हात विरून गेली. गाव जणू आपल्याच तरुणपणाचे कपडे अंगावर चढवून आरशासमोर उभं होतं. आत्या दारात उभी राहून बराच वेळ नुसती बघत होती. "खोटं का होईना," ती म्हणाली, "छान दिसतंय."

गवंडी भावाच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर बसला होता. त्याच्या डाव्या हाताला ती भिंत होती. या बाजूने त्याने ती आज पहिल्यांदाच पाहिली. त्याच्या बाजूला गिलावा होता, चुना होता. इकडे नुसत्या विटा, आणि सांध्यांतून बाहेर आलेला माल तसाच सुकून ओघळ झालेला. दुसऱ्या बाजूला कुणी उभं राहून तो कापून घ्यायला हवा होता. त्याला वाटलं, हा ओघळ भाऊ रोज जेवताना पाहत असेल.

मोजायला आली ती एक बाई होती. पस्तिशीची, खांद्याला पिशवी, हातात कडा उसवलेली छत्री. ती दारातून वाकून आत आली, चूल पाहिली, माणूस पाहिला.

"घर कुणाचं?"

गवंड्याने चुलीत एक काटकी सरकवली. "माझं."

"काम काय करता?"

"वॉचमन. तालुक्याला. नव्या कॉलनीवर." भावाबद्दल लोकांकडून जे कानावर आलं होतं तेच त्याने सांगितलं.

बाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. चुन्याने भाजून भाजून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, नखांच्या मुळाशी पांढरी रेघ होती. तिने कागदावर खूण केली. "आज सुट्टी?"

"हो. सुट्टी."

"बरं," ती म्हणाली आणि पाणी मागितलं. तो माठ शोधू लागला. स्वतःच्या घरातला माठ कुठे आहे हे त्याला सापडेना. बाई शांतपणे थांबली.

वरच्या गल्लीत शेवटचं घर गवंडिणीचं. तोवर ऊन कलतं झालं होतं. बाई ओट्यावर टेकली, वहाणा काढल्या, टाच चोळली. घरात नजर फिरवली: चुना दिलेल्या भिंती, वाऱ्याच्या दिशेला काढलेली खिडकी, जराही न उखडलेली जमीन.

"मिस्त्री कामावर गेलेत का? घर सुंदर बांधलंय."

"गेलेत," गवंडीण म्हणाली. "झालं का सगळं? भरलं का?"

"भरलं. पूर्ण चाळीस आहेत." बाईने कागद पिशवीत ठेवले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते थकव्याहून वेगळं होतं. "खरं सांगू का मावशी, मला वाटलं होतं एखादं तरी घर रिकामं असेल."

"म्हणजे?"

"इथे मीच येणार होते. नर्स म्हणून. नियम असा की नर्सने गावातच राहायचं. दवाखान्यामागची खोली पाहिली, तिचे दगडसुद्धा कुणीतरी नेलेत. साहेब म्हणाले, गाव बघून या, चुली भरल्या आणि राहायला घर मिळालं तर तुम्हाला पाठवतो. घर नसेल तर ती जागा दुसऱ्या गावाला." तिने वहाणा घातल्या. "माझी आई असते माझ्याबरोबर. तालुक्याला आम्ही दोघी एका जिन्याखाली राहतो. आईला ताठ उभं राहता येत नाही तिथे. मला वाटलं, खेड्यात जागा असते. असो. तुमचं गाव भरलेलं आहे, चांगलं आहे."

गवंडिणीच्या कमरेला जुडगा होता. तिने त्यावर हात दाबून धरला, तो वाजू नये म्हणून.

---

नर्सबाई गाडीच्या थांब्याकडे गेली तशी माणसं घराघरांतून बाहेर आली. हॉर्नने दिवसभराचा मुकेपणा एका श्वासात फेडला. टेलर सांगत होता की त्याने दोन घरं सांभाळली, एकात टोपी घालून, दुसऱ्यात टोपी काढून. गवंडीण दुकानापाशी पोचली आणि तिने काय झालं ते सांगितलं. हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं.

"खरं सांगून टाकू," आत्या म्हणाली. "पंधरा घरं रिकामी आहेत बाई, हवं ते घे."

"मग चुली पंचवीस होतात," दुकानदार म्हणाला. "मग नर्सच नाही."

"आणि नाही सांगितलं तर घर नाही. म्हणजे पुन्हा नर्स नाही," टेलर म्हणाला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपणच आपल्याला कुलूप लावलं की."

वर धूर अजून तरंगत होता. मग गवंडीण वळली आणि खालच्या गल्लीला लागली. गवंडी भावाच्या दारात उभा होता, निखारे विझवून, हाताला राख.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"आपलं घर द्यायला."

ती पुढे आणि तो मागे, असे ते थांब्याकडे निघाले. चालता चालता तिने त्याला सगळं सांगितलं, मागे न बघता. चाळीसही राहायला हव्यात आणि एक घर मोकळंही व्हायला हवं. तर खरोखर राहतं असलेलंच कुणीतरी घर मोकळं केलं पाहिजे. "आपण भाऊजींकडे राहू. दोन सख्खे भाऊ एका घरात राहिले तर त्यात कुणाला काय वाटायचंय?"

"ते घर मी बांधलंय," तो म्हणाला.

"मग काय, ते तिच्या अंगावर पडणार आहे?"

तो तिच्या मागोमाग चालत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे पाण्याने भिजलेले ते सुजलेले पाय होते.

थांब्याच्या पत्र्याखाली नर्सबाई छत्री मांडीवर आडवी घेऊन बसली होती. गवंडिणीला धाप लागली होती. "एक घर आहे," ती म्हणाली. "आमचं. आम्ही दोघंच. हे माझे दीर, त्यांच्याकडे राहू आम्ही."

नर्सबाईने गवंड्याकडे पाहिलं. "वॉचमन."

"हो," गवंडी म्हणाला.

"पण तुमच्या मिस्त्रींना विचारलंत का मावशी? घर त्यांचं आहे. ते काय म्हणतील?"

गवंडिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला उत्तर देता आलं असतं. तिने दिलं नाही. दूर वळणावर गाडीचा धुरळा उठला होता.

"दादा नाही म्हणणार नाही," गवंडी म्हणाला. धाकटा गेल्यापासून गवंड्याला या गावात कुणी दादा म्हटलं नव्हतं, आणि तो शब्द स्वतःच्या तोंडून बाहेर पडताना त्याला भावाचाच आवाज ऐकू आला. "तसा हट्टी आहे. एकदा भिंत घातली की मागे वळून बघत नाही. पण मनाने... मनाने वाईट नाही तो. त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मी सांगेन त्याला."

"ऐकतो तुमचं?"

"आजपर्यंत मी कधी बोललोच नाही."

गाडी आली. नर्सबाई पायरीवर चढली, मग थांबून मागे वळली. "तुमच्या दादांना सांगा, खिडकी फार छान काढलीय."

---

भावाला विचारायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानदाराने नंबर मिळवला आणि फोन लावून गवंड्याच्या कानाला दिला. पलीकडे बराच वेळ नुसता वारा वाजत होता, मोकळ्या इमारतींमधून फिरणारा.

"बोल," धाकटा म्हणाला.

"जेवलास?"

"हे विचारायला फोन केलास?"

गवंड्याने सांगितलं, तुटक तुटक, मधली वाक्यं गाळून. नर्स. सून. घर.

"इथे शंभर फ्लॅट आहेत," भाऊ म्हणाला. "सगळे विकले गेलेत. चार खिडक्यांत दिवा लागतो. कुणी राहायला घेतलेच नाहीत, नुसते घेऊन ठेवलेत. बाकीच्यांवर मी पहारा देतो आणि झोपतो लिफ्टच्या खोलीत. आपल्या गावात कुलपं, इथेही कुलपं. मधली माणसं कुठे जातात कळत नाही."

"मग, राहू का आम्ही?"

"किल्ली मी कुणाला दिली होती?"

"हिला."

"मग तिला विचार. मला कशाला विचारतोस?" आणि फोन ठेवण्याआधी, "भिंत कशी आहे?"

"उभी आहे."

"असणारच. माल कुणाचा."

---

सामान हलवायला टेलर, हॉर्न, सगळे आले. गल्लीच्या टोकाला वळसा घालून, दुकानावरून, एका दारातून काढलेली वस्तू दुसऱ्या दारात न्यायची. एका भिंतीपलीकडे जायला अख्ख्या गावाला प्रदक्षिणा. पेटी उचलताना गवंड्याच्या खांद्यातून कळ गेली आणि त्याने ती मधेच टेकवली. हॉर्नने काही न बोलता दुसरं टोक धरलं. न बोलण्याची त्याला आता सवय लागली होती.

नर्सबाई आईला घेऊन आली. म्हातारी दारातून आत शिरताना सवयीने वाकली, मग छताकडे पाहत हळूहळू सरळ होत गेली, जणू पाठीतला एकेक मणका तिला नव्याने आठवत होता. नर्सबाई गवंड्याला म्हणाली, "तुमचे दादा बरे आहेत ना?" आणि तो लाजून खाली बघू लागला, तशी हसली. "टेलरना सांगा, टोपी काढली तरी मिशी तीच राहते."

"मग तुम्ही लिहिलंत काय?" गवंडिणीने घाबरून विचारलं.

"कागदावर लिहिलं होतं, चूल पेटलेली दिसली की खूण करा. चूल पेटलेली होती. मी चूलच पाहिली."

सून तेव्हापासून इथेच राहिली. मुलगा गोदामातल्या पोत्यांवर झोपून दिवस काढू लागला आणि रविवारी येऊ लागला. नर्सबाई सकाळ-संध्याकाळ वळसा घालून येई, पोटाला कान लावी, आणि पुन्हा वळसा घालून जाई. गवंडी संध्याकाळी चालत निघाला की पाय त्याला वरच्या गल्लीत नेत. आपल्या खिडकीत परक्या बाईचा दिवा दिसला की तो थांबे, क्षणभर कुठे जायचं ते विसरे, मग परत फिरे. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवायला बसे. ते ओघळ तसेच होते.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. गवंडिणीने हाताला लागला तो पळा घेऊन भिंतीवर ठोकलं. पलीकडून उत्तर आलं, पावलं धावली, आणि मग ती पावलं उलट्या दिशेने दूर जाऊ लागली: वरची गल्ली, टोक, दुकान, खालची गल्ली. सुनेने गवंडिणीचं मनगट धरलं होतं. ती दाराकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मागच्या हिवाळ्याचा रस्ता होता.

नर्सबाई आली, बाह्या वर करत मधला पडदा ओढून आत गेली. "माझी दुसरी पिशवी राहिली. आणि आई पाणी उकळतेय, ते आणा कुणीतरी. दोन्ही हवंय. लगेच."

गवंडी निघाला. दारापर्यंत गेला आणि थांबला. वळसा घालायला गुडघे लागतात. तो परतला, फळीवरची छिन्नी आणि हातोडा काढला, आणि भिंतीसमोर उभा राहिला.

पहिला घाव सांध्यावर बसला आणि छिन्नी परत उडाली. माल दगड झाला होता. दुसरा, तिसरा. खांद्यात जाळ उठला. त्याने हातोडा डाव्या हातात घेतला. आतून सुनेचा आवाज आला, लांब, दाताखाली धरलेला. गवंडीण पडद्याबाहेर डोकावली, त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"इतका पक्का माल घालायला सांगितलं होतं कुणी?" ती म्हणाली आणि आत गेली.

तो ठोकत राहिला. धूळ घामात मिसळून डोळ्यांत उतरली. आयुष्यभर त्याने सांधे बुजवले होते. उकलायचे कसे ते हातांना नव्याने शिकवावं लागत होतं. एक वीट हलली. त्याने बोटं घातली, नखं तुटली, वीट बाहेर आली. आणि पलीकडून त्याच्याच स्वयंपाकघराचा उजेड, त्यानेच वाऱ्याच्या दिशेला काढलेल्या खिडकीतला, त्याच्या छातीवर पडला. भोकातून म्हातारीचा डोळा दिसला.

"पातेलं जात नाही यातून," ती म्हणाली. "अजून एक काढा."

त्याने अजून एक काढली. मग अजून एक. पिशवी आली. कडेने धरत, वाफाळतं पातेलं आलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, पडद्यापाशी ठेवलं, आणि परत भिंतीशी आला. आता थांबायची काही गरज नव्हती, तरी तो थांबला नाही. विटा खांद्याच्या उंचीवरून कमरेशी आल्या, कमरेवरून गुडघ्याशी. केव्हातरी, हातोड्याच्या दोन घावांमध्ये, पडद्यामागून ते रडणं उठलं. बारीक, रागावलेलं, कुणाच्याही त्रासाची पर्वा नसलेलं. त्याचा हात हवेत राहिला. म्हातारी पलीकडे मटकन खाली बसली आणि हसू लागली.

गवंडीण बाहेर आली. तिच्या हातातल्या फडक्यात काहीतरी लालभडक हलत होतं. "नात," ती म्हणाली. तिने त्याला नखशिखान्त पाहिलं, विटकरी रंगाचा झालेला. "हात लावू नका. आधी धुऊन या."

तो खाली वाकला. जमिनीलगतचा विटांचा एकच थर राहिला होता. त्याने छिन्नी सांध्यावर टेकवली, मग उचलून घेतली. तळहाताने त्या थरावरची माती झाडली, बोटाने कडा चाचपली, सरळ होती. ती तशीच राहू दिली. दाराला उंबरा लागतो.